कावसजीचं नाक आणि गाणाऱ्यांचा प्रश्न

जानेवारी 1794 मध्ये जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं एका माणसाचं चित्र काढलं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना रंगवणारा तोच हा वेल्स. हा माणूस मात्र दरबारी नव्हता. कावसजी त्याचं नाव, जातीनं मराठा शेतकरी, काम इंग्रज फौजेत बैल हाकण्याचं. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं, बहुधा कुंभारानं, त्याला नवं नाक बसवलं.

त्याची कृती ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेनं रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी न तोडता ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या जागी चीर पाडून तिच्यात कडा बसवायच्या. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी तोडायची. आणि दहाव्या दिवशी मऊ कापडाचे बोळे नाकपुड्यांत घालायचे, वाट उघडी राहावी म्हणून.

मी गाणं शिकवते, त्यामुळे हा वृत्तांत वाचताना माझं लक्ष त्या बोळ्यांवर थांबतं. सुश्रुतानंही नाक जोडल्यावर आत दोन नळ्या ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे नवं नाक नुसतं दिसून चालत नाही, त्यातून हवा खेळली पाहिजे, हे या लोकांना नीट ठाऊक होतं. नाक किती छान दिसतं, कपाळावरचा व्रण किती पुसट होतो, हे त्या इंग्रजी वृत्तांतात आहे. कावसजी त्यानंतर कसा बोलत होता, बैलांना हाक कशी मारत होता, याबद्दल एक अक्षरही नाही. नाक आधी अब्रूसाठी दुरुस्त झालं, नंतर श्वासासाठी. आवाजाची चौकशी फार उशिरा सुरू झाली, आणि माझ्या मते ती अजूनही अर्धवटच होते.

नाकाचा आणि गाण्याचा विचार आपल्याकडे नव्हता असं नाही. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी, शार्ङ्गदेव होता. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा हा माणूस राजाचा हिशेबनीस होता आणि वैद्यकही जाणत होता. म्हणूनच त्याचा ग्रंथ शरीरापासून सुरू होतो. मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मूर्धेत, अशी नादाची स्थानं तो देतो. गायकाचे पंचवीस दोष त्यानं मोजले, त्यांत ‘सानुनासिक’ हाही एक, म्हणजे नाकात गाणारा. आजही तालमीत ‘नाकात गाऊ नकोस’ असं म्हणणारी प्रत्येक बाई नकळत देवगिरीचंच शास्त्र सांगत असते. पुढे मुकेश यांच्या आवाजातल्या अनुनासिक रंगावरच लाखो लोकांनी जीव टाकला, हा भाग वेगळा. दोष आणि रंग यांच्यातली रेघ ऐकणारा काळच ठरवतो.

युरोपात कावसजीच्या वृत्तांतानं खळबळ माजवली. जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं तो वाचून, आधी मृतदेहांवर हात बसवून, 1814 मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. पुण्याच्या त्या कुंभाराचं नाव मात्र कुणीच टिपून ठेवलं नाही, याची मला खरोखर चीड येते.

नाकाच्या आत शिरायला आणखी बराच काळ गेला. 1884 मध्ये कार्ल कोलर या डॉक्टरनं कोकेननं डोळा बधिर करून दाखवला, तोच उपाय नाकालाही लागू पडला. मग शिकागोत फ्रीर यांनी 1902 मध्ये आणि जर्मनीत किलियन यांनी 1904 मध्ये, वरचं अस्तर राखून आतलं वाकडं कूर्चा-हाड काढण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात ते बहुतेक वेळा वाढलेलं नसतं, दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकलेला असतो. त्या पडद्याच्या आजच्या शस्त्रक्रियेचं मूळ इथे आहे, फक्त आता शक्य तेवढं कूर्चा जागेवर ठेवतात.

आवाजावरून नाकाचं दुखणं ओळखणारा माणूस याआधीच होऊन गेला होता. कोपनहेगनचे विल्हेल्म मायर. नाकाच्या मागच्या बाजूला वाढणाऱ्या अ‍ॅडिनॉइड्सचं वर्णन त्यांनी 1868 मध्ये केलं, आणि त्याचा एक धागा होता रोग्यांचं गुंज नसलेलं, मेलेलं बोलणं. नाक चोंदलं की ‘मामा’ ऐकू येतो ‘बाबा’सारखा, ‘नाना’ होतो ‘दादा’. म, न, ण यांची हवा नाकातूनच जाते. ‘आ’ची गोष्ट उलटी. टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो, नाकाचं दार बंद होतं आणि नाद तोंडातून बाहेर पडतो. पडताळा सोपा आहे: आ-कार लावा आणि नाक चिमटीत धरा. आवाज बदलला नाही, तर तुमचा आ-कार नाकात नाही.

मग गाणाऱ्यांना नाकाच्या सुरीची इतकी धास्ती का? याचं एक कारण ऑपेराच्या जगात सापडतं. न्यूयॉर्कचे डॉक्टर हॉलब्रुक कर्टिस तिथल्या बड्या गायकांवर उपचार करत. सूर चेहऱ्याच्या पुढच्या भागात, नाकाच्या मुळाशी घुमला पाहिजे, हा विचार त्यांनी 1896 च्या पुस्तकात मांडला. पोलंडचा प्रसिद्ध गायक जाँ द रेश्के हाही त्याच मताचा. पिढ्यान्‌पिढ्या गायक तिथली थरथर शोधत राहिले. जिथे सूर घुमतो असं वाटतं, तिथे कुणी हात लावलेला कुणाला आवडेल? अमेरिकी गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड हिनं नाक कधीच बदलून घेतलं नाही. आवाज बदलेल ही भीती हे त्याचं एक कारण तिनं स्वतः सांगितलं आहे.

1950 च्या दशकात वूल्ड्रिज नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं सूर नाकात घुमतो या समजुतीची कसोटी घेतली. कसलेल्या गायकांच्या नाकात गॉझ ठासून भरली, त्यांना स्वर लावायला सांगितलं आणि ते जाणकारांना ऐकवलं. भरलेलं नाक कुठलं आणि मोकळं कुठलं, हे जाणकारांना ओळखता आलं नाही. चेहऱ्यातली थरथर हा चांगल्या लागलेल्या स्वराचा परिणाम आहे, कारण नव्हे, हे त्यातून दिसलं. नंतरचे अभ्यासही साधारण तेच सांगतात: पडद्याच्या किंवा सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर यंत्रावर फरक दिसला तरी तो मुख्यतः म-न सारख्या वर्णांत, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला बहुधा जाणवत नाही.

पण इथेच मला डॉक्टर मंडळींशी भांडायचं आहे. माझ्या नाकाचा पडदा सरळ केला तेव्हा मी आधी विचारलं होतं, ‘डॉक्टर, गाण्याचं काय?’ उत्तर आलं, ‘बाई, नाकानं थोडंच गातात?’ शस्त्रक्रिया उत्तम झाली, श्वास मोकळा झाला, लांब आलापात दोन ओळींच्या मधे चटकन नाकानं हवा घेता येऊ लागली. आणि तरी कितीतरी आठवडे मला माझा षड्ज सापडेना. तानपुरा तोच, पट्टी तीच, साथीला बसणारी मैत्रीण म्हणे, काही फरक नाही गं. तिचं खरं होतं. आणि माझंही. बाहेर जाणारा सूर तोच होता, पण वर्षानुवर्षं ज्या आतल्या खुणेवर मी तो लावत आले होते, ती खूण हलली होती. सूज उतरली, मी पहाटेचा खर्ज संथपणे पुन्हा पहिल्यापासून धरला, तेव्हा नवी खूण बसली. गाणारा माणूस स्वतःला हवेतून जेवढा ऐकतो तेवढाच हाडांतूनही ऐकतो. ‘काही होत नाही’ हे श्रोत्याच्या बाजूचं उत्तर आहे, ते गाणाऱ्याला पुरत नाही.

शस्त्रक्रियेनं आवाज खरोखर पालटल्याचं उदाहरण आपल्या संगीतात आहे, पण ते गळ्याचं. गंगूबाई हनगल यांच्या 1930 च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका ऐका: आवाज बारीक, उंच, गोड. टॉन्सिल्सवरच्या उपचारानंतर तो जड आणि खोल झाला असं सांगितलं जातं. सवाई गंधर्वांच्या या शिष्येनं त्या नव्या आवाजाला साजेशी गायकी घडवली, आणि आज आपण गंगूबाई म्हणतो ती तीच. अर्थात, असं धैर्य प्रत्येकाकडून अपेक्षिणं अन्याय होईल.

नाकाच्या शस्त्रक्रियेत गाणाऱ्याला जपायची जागा बरेचदा नाकाच्या खाली असते. पूर्ण भूल देताना श्वासाची नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यानं काही दिवस घसा बसू शकतो, क्वचित तंतूंना इजाही होते. लहान मुलांचे अ‍ॅडिनॉइड्स काढल्यावर टाळूचं दार नीट मिटत नसेल तर बोलणं नाकात जातं. सौंदर्यासाठी नाक फार अरुंद केलं तर श्वासच कोंडतो. हे सगळं आधी बोलण्याचे विषय आहेत.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना एवढंच सांगते. शस्त्रक्रिया गरजेची असेल तर घाबरून टाळू नका, चोंदलेल्या नाकानं तोंडावाटे श्वास घेत गाणं घशाला जास्त महाग पडतं. आपण गातो हे सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना, दोघांनाही, स्पष्ट सांगा. आणि आधी आपल्या पट्टीत आ-कार, मिटल्या ओठांचा म-कार आणि एखादी बंदिश मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. सूज पूर्ण उतरल्यावर, डॉक्टरांनी गायची परवानगी दिली की, तेच पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही आपल्या गुरूंना ऐकवा.