पहिलं धनुष्य किती पाउंडांचं?

अमेरिकेतल्या मिशिगन किंवा विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा हंगाम जवळ आला की धनुष्यांच्या दुकानांत नवशिक्यांची वर्दळ सुरू होते. दुकानदार आधी दोन-तीन गोष्टी तपासतो. उजवा डोळा प्रबळ की डावा? दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर किती? त्या अंतराला अडीचने भागलं की दोरी किती मागे ओढायची याचा अंदाज मिळतो. मग तो मुख्य प्रश्न विचारतो : किती पाउंडांचं धनुष्य हवं?

पाउंड म्हणजे इथे धनुष्याचं वजन नव्हे, तर दोरी पूर्ण ओढायला लागणारं बळ. चाळीस पाउंडांचं धनुष्य ओढणं म्हणजे साधारण अठरा किलोची पिशवी तीन बोटांनी उचलणं, तीही आडव्या दिशेने, खांदा न हलवता आणि श्वास शांत ठेवून. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या या प्रश्नाला आपल्या ताकदीपेक्षा मोठा आकडा सांगतो. मीही सांगितला होता. हौस म्हणून एका मैदानावर तिरंदाजी शिकायला गेलो होतो. व्यायामशाळेत जाणारा माणूस आहे, चाळीस पाउंड सहज जमेल असं वाटलं. सरांनी काही न बोलता चाळीसचं धनुष्य हातात दिलं. चौथ्या बाणाला डावा हात थरथरायला लागला आणि सहावा बाण लक्ष्याच्या वरून मागच्या जाळीत गेला. मग सरांनी वीस पाउंडांचं धनुष्य दिलं आणि म्हणाले, ‘आता दोन महिने हेच.’

माझा बाण जाळीत गेला म्हणून विषय हसण्यावारी गेला. शिकारीत तसं होत नाही. थरथरत्या हातातून सुटलेला बाण हरणाच्या छातीऐवजी पोटात बसला, तर ते लगेच मरत नाही. तासन्‌तास पळतं, झाडीत कुठेतरी पडतं आणि कित्येकदा सापडतही नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. अमेरिकेत मात्र ती परवाना घेऊन केली जाणारी कायदेशीर गोष्ट आहे. त्यामुळे तिथे या आकड्याची किंमत प्राण्याला मोजावी लागते. शिवाय या आकड्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो सुरू होतो अशा एका माणसापासून, ज्याचं खरं नाव आपल्याला माहीत नाही.

२९ ऑगस्ट १९११. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाबाहेरच्या एका कत्तलखान्यापाशी लोकांना उपाशी, खंगलेला, पन्नाशीच्या आसपासचा माणूस सापडला. त्याची भाषा कुणालाच येत नव्हती. तो याही जमातीचा होता. १८४९च्या सोन्याच्या लाटेनंतर गोरे वसाहतवाले त्या डोंगरांत शिरले आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्यांनी याही लोकांच्या वस्त्या कापून काढल्या. उरलेली मूठभर माणसं डीअर क्रीकच्या दऱ्यांमध्ये सुमारे चाळीस वर्षं लपून जगली. १९०८मध्ये सर्वेक्षण करणाऱ्यांची एक तुकडी त्यांच्या शेवटच्या वस्तीवर येऊन धडकली आणि तिथल्या वस्तू आठवण म्हणून उचलून घेऊन गेली. त्यानंतर तीन वर्षांनी हा माणूस एकटाच बाहेर आला.

मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आणलं. स्वतःचं नाव सांगणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं, म्हणून क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत इशी म्हणजे ‘माणूस’. तो संग्रहालयातच राहिला आणि रविवारी येणाऱ्या लोकांना बाणांची टोकं घडवून दाखवू लागला.

संग्रहालयाशेजारी वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप इशीचे डॉक्टर झाले आणि नंतर मित्र. त्यांनी धनुष्य कधी गंभीरपणे हातात धरलं नव्हतं. म्हणजे आधुनिक अमेरिकन धनुष्यशिकारीतला पहिला प्रसिद्ध नवशिक्या म्हणजे हे सर्जन, आणि त्यांचा गुरू म्हणजे ज्याची सगळी जमात अमेरिकनांनी संपवली तो माणूस.

इशीचं धनुष्य बघून पोप यांना आश्चर्य वाटलं असणार. जेमतेम साडेतीन फूट लांब, डोंगरी जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर हरणाची तात चिकटवलेलं. बळ सुमारे पंचेचाळीस पाउंड. बाणाची टोकं ऑब्सिडियन या ज्वालामुखीय काचेची, आणि नंतर साध्या बाटलीच्या काचेचीही. इशी ते धनुष्य आडवं-तिरकं धरी आणि दोरी अंगठ्याने ओढी. मोठ्या गोल लक्ष्यावर त्याचा नेम फारसा चांगला नव्हता. पण लक्ष्य सशाएवढं किंवा लाव्याएवढं असलं आणि अंतर वीसेक पावलांचं असलं, तर त्याचा बाण सहसा चुकत नसे.

या विरोधाभासात त्याची सगळी पद्धत दिसते. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याचं धारदार टोक आत कापत जातं आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो. म्हणून टोकाला धार असेल आणि बाण योग्य जागी बसला, तर पंचेचाळीस पाउंड हरणाला पुरतात. मात्र जवळ जावं लागतं, आणि इशीची खरी विद्या होती जवळ जाण्याची. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, कारण प्राण्यांना तो वास लांबून येतो. पहाटे ओढ्यात अंघोळ करी, सुगंधी पाला अंगाला चोळी आणि उपाशीपोटी निघे. बोटांना ओठ लावून तो असा आवाज काढी की ससे आपणहून पुढे येत. धनुष्यात जे बळ कमी होतं, ते त्याने पायांनी, नाकाने आणि धीराने भरून काढलं होतं.

मे १९१४मध्ये क्रोबर, पोप आणि आणखी काही जण इशीला घेऊन डीअर क्रीकला गेले. जिथे त्याचे लोक मारले गेले तिथेच. पोप यांनी त्याच्याबरोबर तिथे शिकार केली. त्यानंतर दोन वर्षांनी, २५ मार्च १९१६ला, इशी क्षयाने गेला. दहनाच्या वेळी त्याच्यासोबत त्याचं एक धनुष्य आणि पाच बाण ठेवले होते. पण त्याआधी त्याचं शवविच्छेदन झालं होतं. क्रोबर यांनी त्याला विरोध करणारं पत्र न्यूयॉर्कहून पाठवलं होतं, तरीही. मेंदू वेगळा काढून नंतर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला गेला. तो परत मिळवून कॅलिफोर्नियातल्या त्याच्या आप्त जमातींकडे सोपवायला २००० साल उजाडलं.

आता पोप यांनी स्वतःसाठी कुठलं धनुष्य निवडलं?

इशीचं नव्हे. विल कॉम्प्टन आणि आर्थर यंग या सोबत्यांबरोबर ते इंग्लंडच्या जुन्या लाँगबोकडे वळले. यूच्या लाकडाचं, जवळजवळ माणसाच्या उंचीचं आणि इशीच्या धनुष्यापेक्षा बरंच जड. पोप शास्त्रज्ञ वृत्तीचे होते. त्यांनी वेगवेगळ्या जमातींची धनुष्यं घेऊन बाण किती लांब जातो ते मोजलं. त्यात इंग्लिश पद्धतीचं धनुष्य सरस ठरलं. मोजणी प्रामाणिक होती, पण मोजलं काय, तर लांबी. आमच्या क्षेत्रात याची चांगलीच ओळख आहे : जे मोजता येतं तेच हळूहळू ध्येय होऊन बसतं. इशीने वीस पावलांवर संपवलेलं काम दोनशे पावलांच्या मापाने जोखलं गेलं.

गंमत म्हणजे ज्या इंग्लंडकडे पोप वळले, तिथलं जड धनुष्य नवशिक्याचं कधीच नव्हतं. १५४५मध्ये बुडालेलं आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२मध्ये समुद्रातून वर काढलं गेलं. त्यावर १७२ लाँगबो मिळाली. अभ्यासकांच्या अंदाजाने त्यातली बहुतेक शंभर पाउंडांच्या वरची होती. हे आकडे ऐकून आजचा नवशिक्या भारावतो. पण त्याच हेन्रीच्या कायद्याने सात वर्षांपासूनच्या मुलांना धनुष्य देऊन सराव करून घेणं बापावर बंधनकारक होतं. ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९मध्ये राजासमोर दिलेल्या प्रवचनात सांगितलं होतं, की त्याचे वडील त्याला वयाप्रमाणे आणि ताकदीप्रमाणे धनुष्य घेऊन देत. मुलगा वाढला की मग धनुष्य मोठं. म्हणजे शंभर पाउंडांमागे वीस-वीस वर्षांच्या पायऱ्या होत्या. आपल्यापर्यंत पोचला तो फक्त शेवटचा आकडा.

१९२०मध्ये पोप आणि यंग यांनी कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संग्रहासाठी यलोस्टोनमध्ये चक्क ग्रिझली अस्वलं धनुष्याने मारली. १९२३मध्ये धनुष्यशिकारीवरचं पोप यांचं पुस्तक आलं. यंग अलास्कात गेला आणि तिथल्या शिकारीची फिल्म घेऊन गावोगाव फिरला. १९२७मध्ये डेट्रॉइटला ती बघणाऱ्यांत फ्रेड बेअर नावाचा तरुण होता. त्याने पुढे मिशिगनमध्ये धनुष्यांचा कारखानाच काढला. लाकूड आणि फायबरग्लासचे थर जोडून बनवलेली, टोकं पुढे वळलेली रिकर्व्ह धनुष्यं दुकानांत मिळू लागली. १९३४मध्ये विस्कॉन्सिनने धनुष्यासाठी हरणांचा वेगळा हंगाम दिला. एका सर्जनचं वेड पाव शतकात सामान्य माणसाच्या खरेदीचा विषय झालं.

पण नोकरी करणाऱ्या, शनिवार-रविवारी जंगलात जाणाऱ्या माणसाकडे इशीचा धीर नव्हता आणि लॅटिमरच्या बापाची शिस्तही नव्हती. त्याला हवं होतं जड धनुष्याचं बळ, पण हात न थरथरता. हे कोडं मिसूरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन याने सोडवलं. त्याने धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं बसवली, पण चाकांचा आस मध्यभागी न ठेवता एका बाजूला सरकवला. १९६६मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९च्या डिसेंबरमध्ये ते मिळालं. हेच कंपाउंड धनुष्य.

त्याची करामत आलेखावर पटकन कळते. आडव्या अक्षावर दोरी किती मागे आली ते, उभ्या अक्षावर लागणारं बळ. लाँगबोची रेषा साधारण सरळ चढत जाते. सगळ्यात जास्त बळ नेमकं शेवटी, म्हणजे नेम धरायच्या क्षणी लागतं. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा. ती ढोबळमानाने त्रिकोणाएवढी. कंपाउंडची रेषा झटकन वर जाते, काही काळ सपाट चालते आणि शेवटी एकदम खाली येते. क्षेत्रफळ जास्त, म्हणजे ऊर्जा जास्त, आणि नेम धरताना हातावर मात्र थोडंच ओझं. साठ पाउंडांच्या धनुष्यात ही घट ऐंशी टक्के असेल, तर धरून ठेवायचे फक्त बारा पाउंड. इंजिनिअर म्हणून मला हे फार सुंदर वाटतं. जुन्या शिकाऱ्यांना ती फसवणूक वाटली आणि हे धनुष्यच नव्हे असा वाद बराच रंगला. तरी काही वर्षांत अमेरिकन शिकाऱ्यांनी कंपाउंड उचललं.

या चाकांचा धागा आपल्यापर्यंतही येतो. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. ओजसने अंतिम फेरीत १५०पैकी १५० गुण घेतले. दोघांच्याही हातात कंपाउंड धनुष्य होतं. हरणाच्या शिकारीसाठी निघालेली युक्ती साताऱ्याच्या मुलीने पन्नास मीटरवरच्या कागदासाठी वापरली. इशीने हे पाहिलं असतं, तर एवढ्या लांबून नेम का धरायचा, असं कदाचित विचारलं असतं.

म्हणजे दुकानातल्या त्या प्रश्नाची इतिहासात तीन उत्तरं आहेत. इशीचं : बळ कमी ठेव, जवळ जायला शीक. लॅटिमरच्या वडिलांचं : लहानापासून सुरू कर, पायरीपायरीने चढ. ॲलनचं : ओझं यंत्रावर टाक. तिसरं सगळ्यात सोयीचं आहे, पण त्याने पहिली दोन रद्द होत नाहीत. अनेक अमेरिकन राज्यांत हरणासाठी किमान तीस ते चाळीस पाउंडांची अट असते. कायद्याची अट इशीच्या धनुष्याच्या खालीच आहे. तिच्यावरचे सगळे पाउंड हौसेचे, नाहीतर अंतराचे. चाकं हात स्थिर करतात, पण हरणाने वाऱ्यावर आपला वास घेतला असेल तर त्याला काही करू शकत नाहीत.

चांगले दुकानदार आजही नवशिक्याला एक साधी परीक्षा देतात. खुर्चीवर बस, पाय जमिनीवरून उचल आणि धनुष्य समोर धरून दोरी सरळ मागे ओढ. ओढताना हात आकाशाकडे गेला, अंग वाकडं झालं, तर धनुष्य जड आहे. पाच पाउंड कमी करून पुन्हा. यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. पोप यांना शिकवणारा माणूस चाळीस वर्षं मृत्यूपासून लपत जगला होता, भुकेची किंमत त्याला माहीत होती, आणि त्याने पंचेचाळीसच्या वर जायची गरज मानली नाही.

माझे वीस पाउंडांचे दोन महिने आता चार झालेत. परवा सरांनी चोवीसचं धनुष्य दिलं. हात थरथरला नाही.