तरुणांचे दल आणि थोरांचा पक्ष

राजकीय पक्षाला तरुण कशासाठी हवे असतात? सतरंज्या घालायला, घोषणा द्यायला, मिरवणुकीपुढे नाचायला, की उद्या पक्षालाच चार खडे बोल ऐकवायला? दिवाळीच्या फराळाबरोबर चघळावा इतका हा प्रश्न गोड नाही. पण ज्या घरात अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराला तो टळतही नाही. मी भोर-वेल्ह्याच्या मावळातला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, म्हणून इतिहासाकडेही माणसांच्या वाटेनेच जातो. या प्रश्नापाशी आलो की मला राष्ट्र सेवा दलाची कथा आठवते.

तिचे मूळ थोडे मागे आहे. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि त्यांचे स्वयंसेवक तुरुंगात गेले आणि माफी न मागता राहिले. त्याच वर्षअखेर काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दल उभे राहिले; जवाहरलाल नेहरू त्याचे पहिले अध्यक्ष. अहिंसेच्या घरात ही फौजी कवायत कशाला, असे कित्येक थोरांना वाटले. १९३१ मध्ये काँग्रेसने दल आपल्या छत्राखाली घेतले आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. पोराने नाव काढले की बापाने हक्क सांगायचा, ही रीत तेव्हापासूनची!

इकडे पुण्यात १९२८ च्या सायमन-बहिष्काराच्या वाऱ्यात एस. एम. जोशी, ना. ग. गोरे अशी कॉलेजातली मुले यूथ लीगमध्ये गोळा झाली. ही मुले नुसती साहेबावर रागावलेली नव्हती. १९२९ मध्ये पर्वतीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा सनातन्यांचा मार खाणाऱ्यांत ती होती. परक्यांशी भांडणे सोपे; आपल्याच आळीतल्या काकांशी भांडणे अवघड. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले आणि एस. एम. दलप्रमुख झाले, ते हा अनुभव गाठीशी बांधूनच.

दलाची बांधणी साधी होती. रोज सायंकाळी शाखा भरायची. झेंडावंदन, कवायत, लेझीम, खेळ, गाणी आणि शेवटी बौद्धिक. सुट्टीत शिबिर, शिबिरात अभ्यासवर्ग. एका पंगतीत सर्व जातींची मुले, आणि मुलींनाही जागा. त्या काळात हे थोडे नव्हते. पुढे कलापथके निघाली, आणि व्याख्यानाला जांभया देणारे गाव लोकनाट्याला मांडी घालून बसू लागले. गावगुंड जमवायला पैसा लागतो. मुले जमवायला संध्याकाळ, मैदान आणि त्यांना नावाने ओळखणारा शाखानायक लागतो.

आता आमच्या मुलखाकडे या. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्याचे पाच तालुके. म्हणजे गडांच्या नावांनीच कारभार चालायचा. पण गडांची नावे घेऊन स्वराज्य येत नसते. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने ठरवले, की संस्थानांतला लढा तिथल्या प्रजेने काँग्रेसच्या नावाने नव्हे, तर आपल्या स्वतंत्र संघटनांतून लढवावा. भोरलाही प्रजापरिषद होती. म्हणजे शेजारच्या ब्रिटिश हद्दीतल्या मुलाला पक्षाचा झेंडा तयार मिळायचा. आमच्याकडच्याला आपली काठी आपणच तासावी लागायची. मला वाटते, उशिरा का होईना, पण स्वतः तासलेली काठी हातात अधिक घट्ट बसते.

१९४२ आले. शाखांवर घाम गाळलेली मुले कॉलेजे सोडून बाहेर पडली. एस. एम. मौलवीच्या वेषात भूमिगत झाले. साताऱ्याच्या प्रतिसरकारात दलाच्या संस्कारातले पुष्कळ तरुण होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले; त्यांच्या पाठीशीही दलाची मुले होती.

आणि मग १९४८ चा मार्च. ८ तारखेला भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच महिन्यात नाशिकला समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. राजा गेला आणि घर फुटले. दलाची मुले कोणाची? दलाचे बहुतेक पुढारी समाजवादी होते, तरी दलाने कोणत्याही पक्षाची शेपटी न होता स्वतंत्र राहण्याची वाट धरली. त्याची किंमतही मोजली. सत्ता एका बाजूला, मोडत-जुळत राहिलेले समाजवादी पक्ष दुसऱ्या बाजूला. मधल्या वाटेवर सावली कमी असते. पण निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखी माणसे महाराष्ट्राला याच वाटेवर भेटली.

पुढे प्रत्येक पक्षाने आपापली युवक आणि विद्यार्थी शाखा काढली. १९८९ पासून अठराव्या वर्षी मत आले, आणि तरुणांचा भाव वाढला. महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका मात्र राज्यात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थांबल्या. म्हणजे मत देण्याचे वय आले आणि मत मागण्याचे शिक्षण गेले!

मागल्या निवडणुकीत एका विद्यार्थ्याची आई शाळेच्या दारात उभी राहिली. भाताची लावणी सोडून आलेली. पायांचा चिखल वाळलेला. म्हणाली, "गुरुजी, पोरगं रॅलीला जातो म्हनतंय. गाडीत पेट्रोल घालून देत्यात. जाऊ देऊ का?" मी म्हणालो, "जाऊ दे बाई. पण आल्यावर विचार, तिथं तुला बोलू दिलं का?" पोरगा आला तो नुसता ओरडून घसा बसवून. पुन्हा काही गेला नाही.

वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. नाव मोठे आहे, ते पेलायचे आहे. रायरेश्वरावर शपथ घेणारे परंपरेने सांगितलेले ते सवंगडीही पोरवयाचेच होते. संघटना कोणत्याही रंगाची असो, तिचे एकच माप मला कळते: तिच्यात वर्षभर राहून मूल प्रश्न विचारायला शिकले की टाळ्या वाजवायला? या दिवाळीत आपल्या घरच्या तरुणाला फराळाच्या ताटावर एवढे विचारून पाहा, आणि तो उलट प्रश्न विचारू लागला, तर त्याला एक लाडू जास्त वाढा.