यजमानांची यादी

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या पोटांत 'एट्सी' नांवाचें एक दालन असतें, आणि त्या दालनांत 'होस्ट्स' नांवाची एक लहानशी फाईल असते. होस्ट म्हणजे यजमान. या यजमानांच्या यादींत बहुधा चार-पांच ओळींपलीकडे मजकूर नसतो. डावीकडे आंकड्यांत लिहिलेला पत्ता आणि उजवीकडे नांव, एवढाच तिचा थाट. नको असलेलें एखादें संकेतस्थळ साऱ्या संगणकापुरतें बंद करावयाचें झाल्यास जाणते लोक आजही प्रथम हीच फाईल उघडतात. त्या स्थळाचें नांव लिहावयाचें आणि त्याच्या आधीं ०.०.०.० हा जगांतील कोणत्याही यंत्राचा नसलेला पत्ता घालावयाचा. मग ब्राउझर कोणताही असो, खातें मुलाचें असो वा वडिलांचें, त्या नांवाची वाट खुंटते. इतकें सोपें कुलूप कोणीं घडविलें, असें विचारलें तर उत्तर मोठें चमत्कारिक येतें. कुलूप म्हणून तें कोणींच घडविलें नाहीं. एकमेकांचें घर सर्वांना सांपडावें म्हणून केलेली ती पत्त्यांची वही होती.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर १९६९ सालीं आर्पानेट हें संगणकांचें जाळें सुरू झालें. यंत्रें एकमेकांना आंकड्यांनीं ओळखीत. माणसांना आंकडे लक्षांत ठेवण्याचा कंटाळा, म्हणून प्रत्येक केंद्रानें आपापल्या सोयीनें यंत्रांना नांवें दिलीं व त्यांची आपापली यादी ठेविली. अर्थात् एकाची यादी दुसऱ्याच्या यादीशीं जुळेना. एकाच पाहुण्याला चार घरांत चार नांवांनीं हांक मारावी, तसा हा प्रकार होता. १९७३ च्या डिसेंबरांत पीटर डॉइच यांनीं एक टिपण लिहून सुचविलें कीं, ही यादी एकाच ठिकाणीं असावी आणि ती यंत्राला वाचतां येईल अशा रूपांत ठेवावी. कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत जाळ्याचें माहितीकेंद्र होतें. त्यानें हें काम अंगावर घेतलें.

या केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर. त्यांचें शिक्षण जीवरसायनशास्त्राचें. पण सर्व जाळ्याची नांवनिशी वर्षानुवर्षें त्यांच्या देखरेखीखालीं राहिली. कोठें नवें यंत्र जोडलें गेलें कीं तेथील चालकानें केंद्राला कळवावें, केंद्रानें नांव तपासून वहींत चढवावें, आणि मग इतरांनीं ती सबंध वही उतरवून घ्यावी, अशी रीत होती. कचेरीच्या वेळांत दूरध्वनीवरून नवी नोंद सांगतां येई. आजच्या वाचकाला याचें हंसूं येईल. परंतु त्या काळीं जाळें म्हणजे एक मध्यम आकाराचें खेडें होतें, आणि खेड्याला एक कुळकर्णी पुरतो.

खेडें मात्र खेडें राहिलें नाहीं. १९८१ च्या ऑगस्टमध्यें जाळ्यावर २१३ यंत्रें होतीं. दोन वर्षांनीं तीं ५६२ झालीं आणि १९८७ च्या अखेरीस २८,००० वर गेलीं. यंत्रें वाढलीं म्हणजे यादीही लांबली आणि ती मागणारेही वाढले. संख्या दुप्पट झाली कीं यादी वाटण्याचा भार चौपट होई. यावर पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं निराळाच उपाय मांडला. सगळी वही कोणाजवळच ठेवूं नये. प्रत्येक संस्थेनें आपल्या घराण्यापुरतीं नांवें सांभाळावीं, आणि विचारणाऱ्यानें मुळापासून पायरीपायरीनें विचारीत जावें. हीच डीएनएस पद्धति. आज कोणतेंही संकेतस्थळ उघडतांना पडद्याआड हीच चौकशी चालते.

मोठी वही अशी निवृत्त झाली, तरी तिची लहान प्रत घरोघर मागें राहिली. त्याच १९८३ सालीं बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्यें ही फाईल 'एट्सी' दालनांत होती. १९९१ सालीं जन्मलेल्या लिनक्सनें युनिक्सचीच वहिवाट उचलली. त्यांत एक गोष्ट महत्त्वाची. सामान्यतः लिनक्स प्रथम घरची यादी पाहतो आणि तेथें नांव न मिळाल्यासच बाहेर डीएनएसकडे चौकशी करतो. हा क्रम नसता, तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

१९९४ च्या ऑक्टोबरांत 'हॉटवायर्ड' या स्थळावर जाहिरातींच्या रंगीत पट्ट्या झळकल्या आणि थोड्याच वर्षांत जाहिराती पुरविणारीं यंत्रें निराळ्या नांवांनीं उभीं राहिलीं. तेव्हां कांहीं चतुर लोकांच्या ध्यानांत आलें कीं, त्या यंत्राचें नांव घरच्या यादींत १२७.०.०.१ या पत्त्यापुढें लिहावें. हा पत्ता प्रत्येक संगणकाचा स्वतःचाच. बिचारा संगणक जाहिरात आणावयास निघतो, आपल्याच दारावर थाप मारतो, आणि आंतून उत्तर येत नाहीं! पुढें अशा हजारों नांवांच्या तयार याद्या लोक एकमेकांना फुकट देऊं लागले. पालकांनीं तीच युक्ति मुलांसाठीं वापरली.

तथापि या वहीला वहीचेच दोष आहेत. तिला नांव पूर्ण व तंतोतंत लागतें. मूळ नांव लिहिलें म्हणून त्याचीं पोटनांवें बंद होत नाहींत. स्थळाचें एकच पान बंद करून बाकीचें उघडें ठेवणें तिला साधत नाहीं. सबंध कुळच बंद करावयाचें तर 'डीएनएसमास्क'सारखी आज्ञावली लागते.

याहून गंभीर प्रश्न लेखणीचा आहे. लिनक्समध्यें ही फाईल बदलण्याचा अधिकार मुख्य चालकाचा, म्हणजे 'रूट'चा. जो ती लिहील त्याच्या म्हणण्याप्रमाणें घरांतले सगळे वागतात, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. विंडोजमध्येंही अशीच फाईल असते. २००४ च्या जानेवारींत 'मायडूम'च्या दुसऱ्या अवतारानें तींत शिरून विषाणुनाशक कंपन्यांचींच नांवें बंद केलीं. रोग्यानें वैद्याकडे जाऊं नये, अशी ती तजवीज होती. सरकारेंही ही कला शिकलीं. २०१४ च्या मार्चमध्यें तुर्कस्तानांत ट्विटरची वाट प्रथम डीएनएसच्या द्वारें अडविण्यांत आली, तेव्हां इस्तंबूलच्या भिंतींवर लोकांनीं ८.८.८.८ हे आंकडे रंगविले. तो गूगलच्या डीएनएसचा पत्ता होता. त्याच महिन्याच्या अखेरीस तेथील सेवादात्यांनीं तीही चौकशी मध्येंच अडविल्याचें गूगलनें जाहीर केलें. बापानें घरांत केलेली युक्ति आणि राजसत्तेनें देशांत केलेली युक्ति, दोहोंचें यंत्र एकच. फरक इतकाच कीं, घरच्या वहींतील ओळ वाचतां येते व पुसतां येते.

चौकशी वाटेंत कोणीं वाचूं अगर बदलूं नये म्हणून ती गुप्तलिपींत पाठविण्याची पद्धति २०१८ सालीं प्रमाण ठरली. ब्राउझर आतां वाटेवरील सर्व चौकीदारांना ओलांडून आपल्या पसंतीच्या दूरस्थ यंत्राला थेट विचारूं शकतो. तुर्की नागरिकाला हवें तें हेंच. आणि मुलाच्या संगणकावर पहारा ठेवणाऱ्या पालकाला नको तेंही हेंच. फायरफॉक्सच्या कर्त्यांनीं यांतून एक तडजोड काढली आहे. घरच्या यादींत जें नांव लिहिलेलें आढळेल, त्याची चौकशी तो ब्राउझर दूरच्या यंत्राकडे नेत नाहीं.