सोलापूरची जमीन : सांखळी, उतार आणि अनुदान

गुंठा हा शब्द शहरांत घर बांधणारासहि ठाऊक असतो. परंतु त्याचें आजचें माप कोठून आलें, याची चौकशी फारसा कोणी करीत नाहीं. तेहतीस फूट लांबीची लोखंडी सांखळी, तिचे सोळा भाग, आणि प्रत्येक भागास नांव आणा. अशा एका सांखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट; आणि असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. ही सांखळी घेऊन सरकारी मोजणीदार ज्या मुलखांत आरंभीं आरंभीं हिंडले, त्यांत भीमेच्या कांठचा इंदापूर आणि सोलापूर हा टापू अग्रभागीं होता. त्याच टापूंत पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं जमिनीच्या केवळ अभ्यासासाठीं अनुदान आलें. मोजणीवर झालेला खर्च आणि अभ्यासावर झालेला खर्च या दोहोंतील अंतर सोलापूरच्या इतिहासांत फार स्पष्ट दिसतें.

पेशवाई १८१८ त संपली आणि दख्खनचा मुलूख कंपनीच्या हातीं आला. साऱ्याची आकारणी कशी करावी, हा प्रश्न लगेच उभा राहिला. पुणें प्रांतांतील अधिकारी प्रिंगल यांजकडे मोजणीचें काम सोंपविण्यांत आलें. हेलिबरी येथील कंपनीच्या विद्यालयांत, जेथें माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असत, तेथें प्रिंगल यांचें शिक्षण झालें होतें. शेताच्या उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा जातां जें निव्वळ उत्पन्न उरेल, त्याचा शेंकडा ५५ भाग सरकारनें घ्यावा, अशी त्यांची योजना होती. विचार शास्त्रशुद्ध होता. पण प्रत्येक प्रतीच्या जमिनीचा खर्च आणि उत्पन्न निश्चित सांगणार कोण? तें काम तुटपुंज्या तपासणीखालीं काम करणाऱ्या कारकुनांवर पडलें. १८३० पासून नवे दर लागूं झाले आणि थोड्याच वर्षांत शेतें ओस पडूं लागलीं, बाकी तुंबली, कुळें गांव सोडून निजामाच्या हद्दींत जाऊं लागलीं. अभ्यासाची उणीव गणितानें भरून निघत नाहीं, हें इंदापूरच्या रयतेला आपल्या अंगावर झेलावें लागलें.

१८३५ त गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे इंदापुरास आले. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. शेत हा आकारणीचा घटक धरावा, त्याच्या हद्दी कायम कराव्या, जमिनीची प्रत ठरवावी, आणि दर एकदां बसविला म्हणजे तीस वर्षें बदलूं नये, ही त्यांची पद्धति. १८३६ त इंदापुरास ती लागू झाली आणि १८४० च्या सुमारास सोलापूरच्या तालुक्यांत पसरली. १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिला सगळ्या मुंबई इलाख्यांत शास्त्राचें स्थान मिळालें.

या पद्धतींत प्रत ठरविण्याची रीति मोठी चतुर होती. शेताचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागांत माती किती खोल आहे तें पाहावयाचें. पावणेदोन हात खोलीची, काळी, बारीक पोताची जमीन म्हणजे सोळा आणे. तेथून खालीं चौदा, बारा, दहा असें उतरत नवव्या प्रतीला दोन आण्यांवर यावयाचें. मग दोष पाहावयाचे. मातींत चुनखडीचे खडे असले, वाळू मिसळलेली असली, पाणी मुरत नसलें, अथवा शेताला उतार असला, तर नकाशावर त्या दोषाची खूण करावयाची आणि प्रत एक पायरी खालीं आणावयाची. वरिष्ठ अधिकाऱ्यानें कांहीं शेतें स्वतः पुन्हां मोजून व पारखून पाहावीं, असा दंडकहि होता. प्रतबंदी करणाराच्या नजरेवर पुढलीं तीस वर्षें एका कुटुंबाचा सारा अवलंबून असे. म्हणून त्या एका खुणेचें मोल मोठें होतें.

तथापि येथेंच या पद्धतीची मर्यादाहि आहे. उताराची खूण झाली, आकार कमी झाला, आणि विषय संपला. त्या उतारावरून दर पावसाळ्यांत किती पाणी निघून जातें, त्याबरोबर किती माती जाते, आणि तीस वर्षांनीं त्याच शेताची खोली कायम राहील काय, हें विचारण्याचें मोजणीदाराचें काम नव्हतें. त्यासाठीं त्याला कोणी पैसाहि देत नव्हतें. मोजणी हें महसुलाचें साधन होतें आणि तिचा खर्च महसुलाच्या वाढीनें भरून निघावा, हीच अपेक्षा असे.

मोजणीदाराच्या शिक्षणाचीहि तीच कथा. मुंबईस १८२३-२४ च्या सुमारास कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या हाताखालीं सरकारी मदतीनें एक इंजिनिअर शाळा निघाली. तेथें मराठी मुलांना गणित व भूमिति मराठींतून शिकवीत आणि त्याकरितां पुस्तकेंहि मराठींत तयार झालीं. विद्येवर सरकारनें केलेला हा खर्च दूरदृष्टीचा होता. परंतु १८३० नंतरच्या काटकसरींत ही शाळा बंद पडली. पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ त निघाला, तोहि मुख्यतः बांधकाम खात्याला हाताखालचीं माणसें पुरविण्यासाठीं. मधल्या काळांत, जेव्हां अर्ध्या दख्खनची प्रतबंदी होत होती, तेव्हां मोजणीदाराची शाळा म्हणजे शेताचा बांध, आणि गुरु म्हणजे त्याच्याहून दोन वर्षें आधीं नोकरींत आलेला मोजणीदार.

तीस वर्षांची मुदत संपली तेव्हां इंदापुरास १८६७ त फेरआकारणी झाली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे भाव चढले होते. त्या तेजीच्या दिवसांकडे पाहून दर वाढले. पुढें भाव कोसळले. सावकारी कर्जाच्या जोडीला वाढलेला साराहि होताच, आणि १८७५ त सुपें येथून दख्खनचे दंगे पेटले. त्यामागोमाग १८७६-७७ च्या दुष्काळानें सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. या सर्व काळांत जमिनीचें क्षेत्र गुंठ्यापर्यंत दप्तरांत नोंदलेलें होतें. पण पाऊस चुकला असतां तीच जमीन दाणा कां देत नाहीं, याचें उत्तर दप्तरांत नव्हतें.

तें उत्तर शोधण्यासाठीं प्रथम पैसा उभा राहिला तो विसाव्या शतकांत. १९२३ त पुण्याजवळ मांजरी येथें श्री. ताम्हाणे यांनीं मुंबई सरकारच्या शेतकी खात्यातर्फे कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले. १९२६ त लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालीं शेतकी कमिशन नेमलें गेलें. १९२८ च्या आपल्या अहवालांत त्यानें एका मध्यवर्ती संशोधन परिषदेची आणि तिच्यासाठीं पन्नास लाखांच्या निधीची शिफारस केली. या शिफारशींतील एक बाब विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे : वर्षाअखेर न खर्चलेला पैसा तिजोरींत परत जाऊं नये, तो निधींतच राहावा. शेतीचा प्रयोग पावसावर चालतो. पाऊस अंदाजपत्रकाचें वर्ष पाळीत नाहीं. १९२९ त परिषद स्थापन झाली, आणि तिच्या साहाय्यानें १९३३ त सोलापूर व विजापूर येथें कोरडवाहू संशोधनाचीं केंद्रें निघालीं. पुढील दोन वर्षांत हगरी, रायचूर आणि रोहतक हीं केंद्रें त्यांना मिळालीं. मुंबई इलाख्यांतील कामाचे सूत्रधार श्री. एन. व्ही. कानिटकर हे होते.

सोलापुरास सरासरीनें सुमारें २८ इंच पाऊस पडतो. हा आंकडा ज्वारीला अपुरा नाहीं. पण तो पडतो अनियमित, आणि बराचसा मोठ्या सरींनीं. सोलापूरच्या केंद्रांत ठराविक उताराचे लहान वाफे आखून, त्यांतून वाहून जाणारें पाणी हौदांत धरून मोजलें, आणि पाण्याबरोबर आलेली माती वजन केली. शंभर फुटांत एखाददुसऱ्या फुटाचा उतार डोळ्यांना दिसतहि नाहीं. परंतु काळ्या जमिनीवरून पाणी आणि माती वाहून नेण्यास तेवढा पुरेसा होतो. प्रतबंदीच्या नकाशावर जो दोष एका खुणेनें संपत होता, तोच आतां अभ्यासाचा विषय झाला.

या अभ्यासानें मोजणीदाराच्या धंद्यालाहि नवें वळण लागलें. जुनी सांखळी लांबीरुंदी सांगते, उंचसखलपणा सांगत नाहीं. समपातळीवर बांध घालावयाचे तर डंपी लेव्हल आणि पट्टी घेऊन गांवच्या गांव पुन्हां पाहावें लागतें. आणि पाण्याचा उतार शेतांच्या हद्दी जुमानीत नाहीं. म्हणून एकट्या शेतकऱ्याच्या हातीं हें काम नव्हतें. १९४२ त जमीन सुधारणा योजनांचा कायदा मुंबई इलाख्यांत झाला आणि अनेक मालकांच्या जमिनींतून एकत्र बांधबंदिस्ती करण्यास आधार मिळाला. १९४४ त कानिटकर यांचा हिंदुस्थानांतील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ परिषदेनें प्रसिद्ध केला. बांध, तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट, शेणखत, कमी बी, अठरा इंच अंतरावर पेरणी आणि वरचेवर कोळपणी, अशी ही पद्धति मुंबई कोरडवाहू पद्धति म्हणून ओळखली जाऊं लागली.

तिचें फळ अवाजवी फुगवून सांगण्याचें कारण नाहीं. उत्पन्नांत वाढ झाली ती शेंकडा पंधरा ते वीस. मुळांतच थोड्या असलेल्या उत्पन्नावर ती वाढ शेतकऱ्याच्या डोळ्यांत भरण्याजोगी नव्हती. यामुळें मधलीं कांहीं वर्षें या संशोधनाकडे दुर्लक्षहि झालें. १९७० त अखिल भारतीय कोरडवाहू संशोधन प्रकल्प सुरू झाला, तेव्हां त्याच्या केंद्रांत सोलापूरचा पुन्हां समावेश झाला, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे तें काम आलें.

विंगेटच्या मोजणीदारानें आपलें काम प्रामाणिकपणें केलें. त्याचीं टिपणें आणि हद्दीचे दगड पुढें कित्येक पिढ्यांचे तंटे मिटविण्यास उपयोगीं पडले. त्याला उतार दिसला होता आणि त्यानें तो लिहूनहि ठेवला. तो उतार काय करतो, हें पाहत तेथें थांबण्यासाठीं मात्र त्याला वेतन नव्हतें. आणि या थांबण्याचा खर्च कोणीतरी सोसावा, हें सरकारास पटण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. तेवढ्या काळांत त्या उतारांवरून जी माती भीमा-सीनेला मिळाली, तिची नोंद कोणत्याच दप्तरांत नाहीं.