लंडनमधील चाकू आणि पोलिसांची अंगझडती

मोठ्या शहरांत चाकूनें होणारे खून वाढूं लागले म्हणजे लोकांच्या तोंडून एकच मागणी निघते : पोलिसांनीं तरुणांना रस्त्यांत अडवावें, त्यांचे खिसे तपासावेत, आणि ज्याच्यापाशीं हत्यार सांपडेल त्याला धरून न्यावें. मागणी स्वाभाविक आहे. ज्या आईचा मुलगा सायंकाळीं घराबाहेर पडला आणि परत आलाच नाहीं, तिच्यापुढें नागरिकाच्या स्वातंत्र्याची चर्चा करणें कठीण. परंतु ह्या उपायानें चाकूहल्ले खरोखर कमी होतात काय, ह्याचें उत्तर नुसत्या तर्कानें देतां येत नाहीं. तें इतिहासालाच विचारावें लागतें. हा प्रयोग दीर्घकाळ करून ज्या शहरानें त्याचीं टिपणेंहि ठेवलीं, तें शहर म्हणजे लंडन.

१८२४ सालीं नेपोलियनबरोबरचीं युद्धें संपून दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं. सैन्यांतून सुटलेले शिपाई आणि खेड्यांतून उठून आलेले निर्धन लोक ह्यांनीं इंग्लंडचे रस्ते भरून गेले होते. त्या सालीं पार्लमेंटनें भटक्यांविषयीं एक कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणें गुन्ह्याच्या हेतूनें रस्त्यांत रेंगाळणारा 'संशयित इसम' शिक्षेस पात्र ठरे. आणि त्याचा हेतु काय होता हें सांगायला दोन पोलिसांची साक्ष पुरे होई. १८२९ मध्यें सर रॉबर्ट पील ह्यांनीं लंडनचें पोलीसदल उभारलें, आणि १८३९ च्या कायद्यानें, चोरीचा माल जवळ असल्याचा वाजवी संशय येईल त्याला अडवून त्याची झडती घेण्याचा अधिकार त्या दलाला मिळाला. शोध होता तो चोरीच्या मालाचा, चाकूचा नव्हे. सार्वजनिक जागीं सबबीवांचून हत्यार बाळगणें हा तिकडे सर्वसाधारण गुन्हा झाला तो १९५३ मध्यें.

कृत्यापेक्षां माणूस पाहून संशय घेणारा कायदा आपल्याला अपरिचित नाहीं. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें ह्याच देशांत जातीच्या जाती जन्मतःच संशयित ठरविल्या, आणि त्या जोखडांतून त्यांची पुरती सुटका झाली १९५२ सालीं. लंडनचें कलम इतकें उघड बोलत नव्हतें. पण १९७० नंतरच्या वर्षांत त्याचा फास वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांच्या मुलांभोंवतींच अधिक आवळला गेला.

दक्षिण लंडनमध्यें ब्रिक्स्टन नांवाचा भाग आहे. १९८१ च्या एप्रिलमध्यें तेथें पोलिसांनीं 'स्वॅम्प ८१' नांवाची मोहीम काढली. स्वॅम्प म्हणजे दलदल, किंवा पाण्याखालीं बुडवून टाकणें. नांव ठेवणाराची वृत्ति त्यावरून कळते. मोहीम जबरी चोरी व घरफोडी ह्यांच्याविरुद्ध होती. साध्या वेषांतील पोलीस रस्तोरस्तीं पसरले आणि थोड्या दिवसांत त्यांनीं ९४३ माणसें अडविलीं. अटक ११८ जणांना झाली, आरोप ७५ जणांवर ठेवण्यांत आले, आणि त्यांत जबरी चोरीचा आरोप एकच होता. अडविलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. दोनतृतीयांश तर एकवीस वर्षांखालचे.

मोहीम चालू असतांनाच, १० एप्रिलच्या सायंकाळीं, एका शिपायाला एक कृष्णवर्णीय तरुण रक्तबंबाळ होऊन धांवतांना दिसला. त्याला कोणीं तरी भोंसकलें होतें. पोलीस त्याला इस्पितळांत पोंचविण्याच्या खटपटींत होते, पण जमलेल्या लोकांना तें खरें वाटेना. पोलीस पोराला छळीत आहेत अशी समजूत होऊन जमावानें त्याला पोलिसांच्या हातून ओढून घेतलें आणि स्वतःच इस्पितळाकडे रवाना केलें. दुसऱ्या दिवशीं एक भाड्याचा मोटारहांक्या आपल्या मोज्यांत कांहीं तरी खोंचीत असतांना दोन साध्या वेषांतील पोलिसांना दिसला. पैसे सुरक्षित राहावेत म्हणून तो नोटा मोज्यांत ठेवीत होता. तसें त्यानें सांगितलेंहि. तरी पोलिसांनीं त्याच्या मोटारीची झडती घेतली. भोंवतीं गर्दी जमली, बाचाबाची झाली, आणि त्या रात्रीं ब्रिक्स्टन पेटलें. दंगलींत २७९ पोलीस आणि ४५ नागरिक जखमी झाले.

मोज्यांतल्या नोटांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला आदल्या सायंकाळची अधिक महत्त्वाची वाटते. भोंसकलेल्या पोराला पोलीस वांचवूं पाहत आहेत, आणि त्याच्याच वस्तींतील लोकांचा त्यावर विश्वास बसत नाहीं ! चाकूच्या गुन्ह्याच्या तपासांत ह्याहून मोठी अडचण कोणती असूं शकेल ? पिस्तुलाचा आवाज दूरवर जातो, चाकूचा जात नाहीं. असा गुन्हा बहुधा उघडकीस येतो तो पाहणारानें पुढें येऊन नांव सांगितलें म्हणजे. पोलीसठाण्याची पायरी चढायलाच जो भितो, तो नांव कसें सांगणार ?

न्यायमूर्ति लॉर्ड स्कारमन ह्यांनीं दंगलीची चौकशी केली. 'संशयित इसमा'चें कलम त्याच वर्षीं रद्द झालें, आणि १९८४ च्या कायद्यानें सर्व इंग्लंड व वेल्समध्यें एक नियम घातला : झडतीला वाजवी संशय पाहिजे, आणि तिची लेखी नोंद ठेवली पाहिजे. दहा वर्षांनीं, १९९४ मध्यें, पार्लमेंटनें ह्याला एक आडवाट काढून दिली. त्या वर्षींच्या कायद्याच्या साठाव्या कलमाप्रमाणें, एखाद्या भागांत हिंसाचार होण्याची भीति असल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यानें ठराविक मुदतीचा हुकूम काढावा, आणि मग त्या भागांत कोणाचीहि, कसलाहि संशय नसतां, झडती घ्यावी. चाकूच्या संदर्भांत पुढें जो वाद माजला तो मुख्यतः ह्याच कलमाचा.

२००७ व २००८ मध्यें लंडनांत किशोरवयीन मुलांचे खून एकामागून एक झाले. २००८ च्या मे महिन्यांत पोलिसांनीं 'ब्लंट २' ही मोहीम हातीं घेतली. ब्लंट म्हणजे बोथट. साठाव्या कलमाखालील झडत्या देशभरांत त्या वर्षीं दीड लाखाच्या घरांत गेल्या, आणि त्यांतील बहुतेक लंडनमधल्या होत्या. ह्या मोहिमेचा हिशेब पुढें गृहखात्याच्याच संशोधकांनीं मांडला. तो २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. लंडनचे बत्तीस बरो, म्हणजे पालिकाविभाग, आहेत. त्यांपैकीं ज्यांत हत्यारांसाठीं होणाऱ्या झडत्या एका वर्षांत तिपटीहून अधिक वाढल्या, त्यांची तुलना त्यांनीं बेताची वाढ झालेल्या विभागांशीं केली. नुसते पोलिसांचे आंकडे न घेतां जखमींसाठीं धांवलेल्या रुग्णवाहिकांच्या नोंदीहि पाहिल्या. निष्कर्ष असा निघाला कीं, झडत्या कित्येक पटींनीं वाढल्या तेथें गुन्हे अधिक घटल्याचें दिसत नाहीं. संशोधकांनीं एक सावधगिरीची सूचनाहि दिली : ही तुलना संपूर्ण विभागांची आहे, एखाद्या गल्लीपुरता परिणाम झाला असल्यास तो तींत दिसणार नाहीं. २००४ ते २०१४ ह्या दहा वर्षांच्या लंडनच्या आंकड्यांवरून दुसऱ्या संशोधकांनीं २०१८ मध्यें जें लिहिलें तेंहि जवळजवळ हेंच. परिणाम फार क्षीण, आणि तोहि मुख्यतः अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत.

झडतीचे समर्थक म्हणतात, २०१४ मध्यें गृहमंत्री थेरेसा मे ह्यांनीं झडत्यांना आळा घातला आणि चाकूहल्ले वाढले, हें कसें ? गोष्ट खरी आहे. २०१८ च्या मार्चअखेरच्या वर्षांत इंग्लंड व वेल्समध्यें धारदार हत्यारानें २८५ खून झाले. १९४६ पासूनच्या नोंदींत तेव्हांपर्यंत एवढा आंकडा नव्हता. पण दोन रेघा पुरत्या काढून पाहाव्या. २०१० ते २०१४ ह्या वर्षांत झडत्याहि उतरल्या आणि चाकूचे गुन्हेहि उतरले. पुढें २०१८ पर्यंत झडत्या उतरत राहिल्या व गुन्हे चढले. त्यानंतर २०२० पर्यंत दोन्ही चढलीं. ज्याला जें हवें त्यानें तें वर्ष उचलावें ! शिवाय त्याच काळांत तिकडे सुमारें वीस हजार पोलीस कमी करण्यांत आले होते आणि तरुणांचीं मंडळें पैशाअभावीं बंद पडत होतीं. इतक्या कारणांतून एक कारण वेगळें काढून दोषी ठरविणें हें इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाहीं.

जन्मभर शाळेंत मुलांपुढें उभा राहिलेल्या माणसाला ह्यांत नवल वाटत नाहीं. वर्गांत कोणाचें लेखणीपात्र हरवलें आणि चाळीस दप्तरें उलथीं केलीं, तर लेखणी क्वचितच सांपडते. एकोणचाळीस मुलांना मात्र तो तास कायमचा आठवतो. लंडनमध्यें चाकू मिळत नाहींत असें नव्हे. दरवर्षीं हजारों हत्यारें झडतींत पकडलीं जातात, आणि त्यांतील एखाद्यानें कोणाचा जीव गेला असता हें नाकारतां येणार नाहीं. परंतु देशांतील दहा झडत्यांपैकीं सुमारें सहा अमली पदार्थांसाठींच असतात, आणि दहांपैकीं सातांच्या आसपास कोणतीहि कारवाई न होतां संपतात. जप्त झालेल्या सुरीच्या जागीं दुसरी यायला वेळ लागत नाहीं. सुरी प्रत्येक स्वयंपाकघरांत असते. ज्या भीतीपोटीं मुलगा ती खिशांत घालतो, ती झडतीनें जप्त होत नाहीं.

ह्याच्या उलट बाजूहि ऐकली पाहिजे. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेंत, ज्या ठिकाणीं पोलिसांनीं लोकांना अडविण्याचा उपक्रम केला तेथें गुन्हे सरासरीनें सुमारें १३ टक्क्यांनीं कमी आढळले. त्यांतील बहुतेक प्रयोग अमेरिकेंतील आहेत, आणि बहुधा मोजक्या, फार गुन्हे घडणाऱ्या जागांपुरते आहेत. त्याच समीक्षेंत हेंहि नोंदलें आहे कीं, अडविल्या गेलेल्यांच्या मनावर व आरोग्यावर वाईट परिणाम दिसतो. माझें मत असें आहे कीं, ठराविक कोपऱ्यावर, ठराविक माहितीवरून घेतलेली झडती हें पोलिसांचें साधन आहे, आणि तें त्यांच्या हातून काढून घेऊं नये. १९९३ मध्यें एल्थम येथें बसची वाट पाहत असतां स्टीफन लॉरेन्स ह्या तरुणाचा चाकूनें खून झाला. त्या तपासाची चौकशी करून सर विल्यम मॅक्फर्सन ह्यांनीं १९९९ मध्यें पोलीसदलाला वर्णद्वेष संस्थेच्या अंगीं मुरल्याचा दोष दिला. त्यांनींहि हा अधिकार काढून घ्या असें म्हटलें नाहीं. पण शहरभर जाळें टाकण्याची मोहीम ही वेगळी गोष्ट आहे. तिच्या बाजूनें लंडनच्या इतिहासांत पुरावा सांपडत नाहीं.

स्कॉटलंडमध्यें २००४-०५ ह्या वर्षीं १३७ खून झाले होते, आणि ग्लासगो शहर चाकूबाजीसाठीं कुप्रसिद्ध होतें. २००५ मध्यें तेथील पोलिसांनींच हिंसाचार कमी करण्यासाठीं एक स्वतंत्र शाखा उघडली. तिचे प्रवर्तक दोघे : जॉन कार्नोकन हे गुप्तपोलीस अधिकारी, आणि कॅरिन मक्लस्की ह्या पूर्वाश्रमीच्या परिचारिका. सांथीचा रोग जसा हाताळावा तसा हिंसाचार हाताळावा, ही त्यांची दृष्टि. २००८ मध्यें टोळ्यांतील तरुणांना ग्लासगोच्या न्यायालयांत बोलावून आणलें. तेथें शस्त्रवैद्यांनीं जखमांचें वर्णन केलें, मुलगा गमावलेल्या आईनें आपली हकीकत सांगितली, आणि शेवटीं काम, शिक्षण व मदत देऊं करण्यांत आली. त्याबरोबर, न ऐकाल तर पुरी टोळी धरूं, अशी ताकीदहि. दहा वर्षांनीं खुनांचा आंकडा साठाच्या आसपास आला. हा विजय झडतीविरोधकांनीं सर्वस्वीं आपल्या नांवावर मांडूं नये. चाकू बाळगण्याची शिक्षाहि त्या काळांत वाढली होती, आणि २०१३-१४ मध्यें सुमारें त्रेपन्न लाख वस्तीच्या स्कॉटलंडांत सहा लाखांहून अधिक झडत्या नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतील बहुसंख्य नुसत्या 'संमती'च्या, कायद्याच्या आधारावांचून. ही संमतीची पद्धत मे २०१७ मध्यें बंद झाली.

लंडनमध्यें झोका पुनः उलट गेला. साठाव्या कलमावर घातलेले निर्बंध २०१९ पासून सैल करण्यांत आले आणि २०२२ मध्यें ती सैलता कायमची झाली. इंग्लंड व वेल्समध्यें कृष्णवर्णीयांची झडती होण्याचें प्रमाण अलीकडच्या वर्षांतहि गोऱ्यांच्या सुमारें चौपट राहिलें. मार्च २०२३ मध्यें लेडी केसी ह्यांनीं लंडनच्या पोलीसदलाविषयींचा आपला अहवाल दिला, त्यांत झडतीच्या पद्धतीची मुळापासून फेरमांडणी करावी असें सुचविलें. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्यें त्या दलानें लंडनच्या हजारों रहिवाशांचें म्हणणें ऐकून झडतीसंबंधीं एक सनद प्रसिद्ध केली. अधिकार सोडलेला नाहीं. तो सभ्यपणें वापरूं, आपल्या शिपायांना त्याचें शिक्षण देऊं आणि वस्तींतील लोकांना विचारीत जाऊं, एवढें वचन तींत दिलें आहे.