निष्क्रियताजन्य अस्थिक्षय आणि संप्रेरके

शरीराचा भार आणि स्नायूंचा ताण पडेनासा झाला की हाडांतील खनिजे घटू लागतात. मज्जारज्जूची इजा, पक्षाघात, लांबलेले अंथरूण आणि अंतराळवास ही त्याची ठळक कारणे. दीर्घ मोहिमांत अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्क्याने घटल्याची नोंद आहे.

भार हटल्याची पहिली जाणीव हाडातच रुतलेल्या ऑस्टिओसाइट पेशींना होते. त्या स्क्लेरोस्टिन हे प्रथिन जास्त स्रवतात आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशींचे काम मंदावते. जाडजूड हाडांचा आनुवंशिक विकार असलेल्या, मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतील कुटुंबांच्या अभ्यासातून या प्रथिनाचे जनुक २००१ मध्ये हाती लागले.

हाडातून कॅल्शियम काढणारे संप्रेरक म्हणून परावटू ग्रंथीच्या स्रावावर संशय जाणे साहजिक आहे. येथे मात्र घडते उलटे. झिजणाऱ्या हाडातून रक्तात उतरलेले कॅल्शियमच त्या स्रावाला आवर घालते. तो घटला की मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप कमी तयार होते, आतडे अन्नातले कॅल्शियम कमी शोषते आणि हाडातून आलेले कॅल्शियम लघवीवाटे निघून जाते. त्यातून मुतखडे होतात. वाढीच्या वयातील मुलांत हाडांची उलाढाल वेगवान असते. असा मुलगा अपघातानंतर पडून असताना त्याला मळमळ, बद्धकोष्ठता, सुस्ती जाणवू लागली, तर रक्तातील कॅल्शियम तपासलेच पाहिजे. अशा वेळी घरच्यांनी काळजीपोटी सुरू केलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या अपायकारक ठरू शकतात.

इस्ट्रोजेन हाड पोखरणाऱ्या पेशींना लगाम घालते. रजोनिवृत्तीनंतर हा लगाम सुटलेला असतो; त्यात अंथरूण धरावे लागले तर हाडांचे दुहेरी नुकसान होते. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेक पुरुषांत टेस्टोस्टेरॉनही कमी आढळते. आजारपणात वाढणारे कॉर्टिसोल आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे यांमुळे झीज वाढते.

स्क्लेरोस्टिनला निष्प्रभ करणाऱ्या रोमोसोझुमॅब या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेसाठी आहे. मज्जारज्जूच्या इजेनंतर लवकर दिलेल्या झोलेड्रोनिक आम्लाने खुब्याची झीज कमी होते. गेलेले हाड मात्र सावकाश भरते. काही अंतराळवीरांत परतल्यावर वर्षभरानेही पूर्ण भरपाई झालेली नव्हती. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवसापासून रुग्णाला आधार देऊन उभे करावे.