रक्तात नव्हे, डोक्यात : बँडवाल्यांच्या विद्येचा इतिहास

वरातीत क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे कौतुक करताना लोक म्हणतात, "यांच्या रक्तातच संगीत आहे." आम्हाला या कौतुकाचा संशय येतो. रक्तात आहे म्हटले की अभ्यास नाकारता येतो, आणि अभ्यास नाकारला की मोबदलाही.

हा अभ्यास काय आहे? पेटीची पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्य लेखनातला सी. नेहमीच्या क्लॅरिनेटवर कागदावरचा सी वाजवला की ऐकू येते काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट. अल्टो सॅक्सोफोनवर तोच सी काळी दोन होतो, म्हणजे ई फ्लॅट. पेटीच्या पांढरी एकशी सूर जुळवायचा तर क्लॅरिनेटवाल्याला डी वाजवावा लागतो आणि अल्टोवाल्याला ए. हा हिशोब तो भर रस्त्यात, चालता चालता करतो.

असे का? जुन्या युरोपीय हॉर्नला आणि ट्रम्पेटला व्हॉल्व्ह नव्हते. नळीच्या लांबीवर पट्टी ठरे. पट्टी बदलायची तर नळीचा जोडतुकडा बदलत. कागदावरचा सी मात्र सीच राही. १८१८ मध्ये जर्मन वादकांनी व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. १८४६ मध्ये आदोल्फ साक्स यांनी पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. बोटांची एकच मांडणी शिकून लहानमोठा कोणताही सॅक्सोफोन वाजवता यावा, म्हणून ही रीत टिकली. यात दैवी काही नाही. हा माणसांनी केलेला करार आहे, आणि करार शिकता येतो.

विद्या नाकारण्याचा खेळ फक्त इथला नाही. न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीझ युरोप यांनी १९१० मध्ये कृष्णवर्णीय वादकांची 'क्लेफ क्लब' ही संघटना उभारली आणि १९१२ मध्ये शंभराहून अधिक वादक कार्नेगी हॉलच्या मंचावर नेले. त्यांच्यासोबत काम केलेले यूबी ब्लेक पुढे सांगत, की आम्ही स्वरलेखन वाचून तालीम करायचो, पण गोऱ्यांसमोर कागद न ठेवता पाठ वाजवायचो; कारण काळ्यांची कला उपजतच असते, असे मानणे गोऱ्यांना आवडे.

ओळखीचे वाटते ना? आपल्या गावगाड्यानेही हेच केले. वाजवणाऱ्या जाती ठरवल्या, मंदिराच्या दारात त्यांच्याकडून वाजवून घेतले आणि संगीताचे शास्त्र मात्र आत ठेवले. पुढे लष्करी बँडच्या वळणावर लग्नाचे बँड आले. गणवेश आला, पितळी वाद्ये आली. पण त्या वादकाला 'उस्ताद' किंवा 'पंडित' कोणी म्हटले नाही. तो 'बँडवाला'च राहिला.

चळवळीत आपल्या अनेक माणसांनी गावकीचे वाजवणे सोडले. ते योग्यच होते, कारण ती वेठ होती. पण वेठ सोडणे म्हणजे विद्या सोडणे नव्हे. खुद्द बाबासाहेबांनी मोठ्या वयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ते त्यांना कोणत्याही जातीने नेमून दिलेले काम नव्हते. ती त्यांची निवड होती.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे : बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत स्वरलेखनाचाही एक वर्ग सुरू करा. शिकवायला वस्तीतल्या वयस्क बँडवादकालाच बोलवा. आणि त्याला 'सर' म्हणा.

जय भीम!